थापांचा तास

मुलांना निबंध लिहायला कसं शिकवायचं, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. साताऱ्याला ट्रेनिंग झालं तेव्हा पाठाची टाचणं काढायला शिकवलं, फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं, कवितेला चाल लावायला शिकवलं. निबंधाबद्दल मात्र एवढंच सांगितलं होतं, की फळ्यावर मुद्दे लिहून द्यावेत, मुलं निबंध लिहितात.

एकोणीसशे साठच्या दशकातली मधली वर्षं. पलूसच्या अलीकडे, एस.टी. ज्या फाट्यावर सोडते तिथून दीड मैल चालत गेलं की आमचं गाव होतं. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरीला मी, तिसरी-चौथीला हेडगुरुजी. पण गुरुजींचं गणित पक्कं आणि निबंधाचा कंटाळा, म्हणून चौथीचं मराठी माझ्याकडे. मी एकवीस वर्षांची. दोन वेण्या सोडून एक घालायला लागले होते, कारण गावातल्या बायकांना मास्तरीण कोणती आणि विद्यार्थिनी कोणती ते कळत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी ‘गाय’ हा विषय दिला. फळ्यावर मुद्दे लिहिले. एकतीस वह्या गोळा झाल्या आणि एकतीस वह्यांत एकच गाय. ‘गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.’ ज्या मुलांच्या दावणीला चार-चार जनावरं, ज्यांच्या अंगाला शेणाचा वास, त्यांनी लिहिलेल्या गाईला वास नव्हता, रंग नव्हता, ती कुणाला कधी लाथसुद्धा मारत नव्हती. मी लाल शाईनं ‘छान’ लिहून वह्या परत केल्या आणि मला मनातून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाळू नावाचा मुलगा उशिरा आला. त्याच्या निबंधात जेमतेम तीन वाक्यं होती, तीही शेजारच्याची. मी विचारलं, “उशीर का?”

बाळूनं दप्तर खाली ठेवलं, नाक पुसलं आणि सुरू झाला. “बाई, निघालो व्हतो येळंवरच. पर आमच्या चांदी म्हशीनं तात्यांचा फेटा खाल्ला. सगळा न्हाई, निम्मा. निम्मा तोंडात, निम्मा बाहीर. एका टोकाला म्हस, एका टोकाला तात्या, मधी मी. तात्या म्हनत्यात वढ, आई म्हनती सोड, म्हशीला उचकी लागंल. शेवटाला तात्यांनी तसाच अर्धा फेटा गुंडाळला न् त्ये बाजारला गेलं. म्हशीच्या तोंडातनं अजून गुलाबी लाळ गळतीया.”

वर्ग हसून लोळत होता. मीही तोंडाला पदर लावला होता. मग विचारलं, “बाळू, हे खरं?”

“न्हाई बाई,” तो म्हणाला. “झोपलो व्हतो.”

ती गुलाबी लाळ माझ्या डोक्यातून जाईना. तीन वाक्यं उतरवून काढणाऱ्या मुलाला ती सुचली कुठून? सुचली, कारण त्याला मार चुकवायचा होता. समोरच्याला पटवायचं असलं की माणूस बारीकसारीक गोष्टी शोधतो. फेटा निम्मा, लाळ गुलाबी. निबंध कुणाला पटवायचाच नसतो, म्हणून त्यात गाईला नुसती एक शेपूट असते.

त्या शनिवारपासून मी थापांचा तास सुरू केला. शनिवारी शाळा सकाळची. शेवटच्या तासाला पाच मुलांनी उठून एकेक थाप मारायची. ज्याच्या थापेवर वर्गाचा विश्वास बसेल तो जिंकला. कुणाला संशय आला तर हात वर करून प्रश्न विचारायचे, आणि थाप मारणाऱ्यानं न अडखळता उत्तरं द्यायची. थापेत डोळ्यांना दिसेल, नाकाला कळेल, कानाला ऐकू येईल असं काहीतरी हवंच. कुणाचं नुकसान होईल अशी थाप चालणार नाही. आणि शेवटी सगळ्यांसमोर ‘ही थाप होती’ असं म्हणून खाली बसायचं. मग सोमवारी तीच थाप वहीत लिहायची. घरी बोलता तशी लिहा, मी म्हटलं. पुस्तकातली भाषा आपण मागाहून शिकू.

काय थापा मारल्या त्या पोरांनी! एकीच्या मावशीनं उंब्रजच्या स्टँडवर बोकडाला टोपरं बांधून मांडीवर घेतलं आणि कंडक्टरला अर्धं तिकीट मागितलं. “कंडक्टरनं इचारलं पोराचं नाव काय, तर बोकूडच म्हनलं ब्यॅ.” एकाचा चुलता महाबळेश्वरच्या पावसात एवढा भिजला, की घरी येईपर्यंत त्याच्या खिशातल्या शेंगांना मोड आले होते. वह्या अशा भरायला लागल्या, की मला लाल शाई पुरेना. महिन्याभरात त्या पोरांनी जेवढं लिहिलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत लिहिलं नव्हतं.

हेडगुरुजींना हे पसंत नव्हतं. जंगम गुरुजी पन्नाशीचे, धोतर नेहमी पांढरंशुभ्र, अक्षर छापल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं. “बाई,” ते म्हणायचे, “शाळेत सत्य बोलायला शिकवतात. भिंतीवर मी स्वतः लिहिलंय तसं.” मी म्हणायची, “गुरुजी, शेवटी ते थाप असल्याचं सांगतातच की.” ते मान हलवत आणि रजिस्टरात डोकं घालत.

वर्गात एकच मुलगी होती जी कधी थाप मारायला उठली नव्हती. हौसा. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. हाडकुळी, तेलानं चप्प बसवलेले केस, प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्याकडे बघणार. पावसाळ्यात तिकडची सहा-सात मुलं ओढ्यातून दप्तर डोक्यावर धरून यायची आणि ओल्या कपड्यांनी दिवसभर बसायची. पाणी जास्त असलं की येतच नसत. हजेरीपुस्तकात त्या मुलांच्या नावांपुढे लागोपाठ शून्यं असायची आणि मी ती निमूटपणे मांडायची.

भाद्रपदातल्या एका शनिवारी गुरुजी मीटिंगसाठी तासगावला गेले होते. शेवटचा तास. चार थापा होऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, “हौसा, आज तुझी.”

ती उभी राहिली. अंगठ्याकडे बघत म्हणाली, “बाई, मला थाप सुचली न्हाई. पर गुरुजींनी एक निरोप दिलाय, त्यो सांगू का?”

“सांग.”

“गुरुजी सकाळी फाट्याकडं चालले व्हते, तवा भेटले. म्हनाले, बाईंना सांग, येत्या बेस्तरवारी पुन्याहून शिक्षणाचं मोठं साहेब येनार हाइत. निळ्या जीपमधनं. गोविंद भागाजी त्यांचं नाव. ते ल्हानपनी आपल्याच शाळंत व्हते. त्यांनी कळवलंय, की जीप लांब उभी करनार न् ल्हानपनी ज्या वाटेनं यायचो त्याच वाटेनं, ओढ्यातनं, चालत येनार. न् शाळंमागच्या चिंचंखाली बसून भाकरी खानार. कोरड्यास नको म्हनलंय. नुसती भाकरी, ठेचा न् कांदा. कांदा बुक्कीनं फोडल्याला.”

संशयानं एकही हात वर झाला नाही. मी छपराकडे बघितलं. कौलं गळत होती, भिंतींचे पोपडे निघाले होते, माझी टाचणं तीन आठवडे मागे होती. मी काही विचारणार तेवढ्यात घंटा झाली. शनिवारची शेवटची घंटा. पोरं दाराबाहेर उधळली ती वळून बघेनात. हौसा क्षणभर उभी होती, काहीतरी बोलत होती, पण त्या कल्लोळात मला ऐकू आलं नाही. मी हात हलवून तिला जा म्हटलं.

खरी चूक पुढे झाली, आणि ती माझी. मी रखमाकाकूंच्या घरात एक खोली घेऊन राहत होते. काकू पासष्टीच्या, एकट्या, तोंडाळ आणि फार प्रेमळ. घरी गेल्या गेल्या मी त्यांना सांगितलं, की साहेब येणार आहेत, गोविंद भागाजी.

काकूंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. “कोन भागाजी गं?”

“ह्याच शाळेत शिकले म्हणे. ओढ्यातून चालत यायचे.”

काकू छताकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांचं तोंड उजळलं. “आगं, त्यो गोंदा! काळं, बारीक पोरगं. पावसात भिजून आलं की माझ्या वसरीला हुबं ऱ्हायचं. मी त्याला गूळ-शेंगा द्यायची. ह्या हातानं.” आणि त्या पदरानं डोळे पुसत शेजारी सांगायला गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावात गोंदाला ओळखणारी तीस-चाळीस माणसं झाली होती. सरपंच आण्णा त्याच्याबरोबर हुतूतू खेळलेले होते आणि त्याची एक तंगडी त्यांनी मोडता मोडता सोडली होती. कुणी त्याला पोहायला शिकवलं होतं. कुणाच्या आंब्यावरून तो पडला होता, तर दुसरा म्हणाला, तुमचा नव्हं, आमचा आंबा, खूण अजून हाय. दोघांचं भांडण लागलं ते पारावर नेऊन मिटवावं लागलं.

रविवारी संध्याकाळी गुरुजी फाट्यावर उतरले, तर आण्णा बैलगाडी घेऊन हजर. “गुरुजी, साहेब आपल्या शाळंतलंच, व्हय?”

गावातली एवढी मोठी बातमी हेडमास्तरांना ठाऊक नाही म्हणजे काय! गुरुजींना वाटलं, ऑफिसनं बाईंना परस्पर कळवलं असेल. ते म्हणाले, “होय तर. रजिस्टरात नाव आहे त्यांचं.” आणि घरी न जाता थेट शाळेत जाऊन त्यांनी आण्णांना जुन्या रजिस्टरातली एक ओळ दाखवली, जिच्यावर कधीकाळी पाणी सांडून शाई पसरली होती.

सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले तर छपरावर माणसं. कौलं वरखाली होत होती. दोघेजण चुन्याचं घमेलं कालवत होते. गुरुजी व्हरांड्यात उभे.

“तुम्ही हौसाजवळ दिलेला निरोप मिळाला,” मी म्हटलं.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. “मी? कसला निरोप?”

छपरावरून कुणीतरी ओरडलं, “गुरुजी, साहेबास्नी बसायला खुर्ची कुठं ठिवायची?”

मी हौसाला बाहेर बोलावलं. ती आली, आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “बाई, थाप व्हती. मी सांगनार व्हते, पर घंटा झाली.”

काय करायला हवं होतं हे आज मला नीट कळतं. तिला जवळ घ्यायला हवं होतं. सगळ्या वर्षातली सर्वोत्तम थाप तिनं मारली होती. मला थाप सुचली नाही, असं म्हणून तिनं थाप मारली होती! अशी युक्ती मला आजवर कुणा मोठ्या लेखकाकडेही सहज सापडलेली नाही. पण मी एकवीस वर्षांची होते, नोकरी कायम झाली नव्हती, आणि डोक्यावर अख्खं गाव कौलं चढवत होतं. मी तिच्या तळहातावर दोन पट्ट्या मारल्या. ती रडली नाही. दप्तर उचललं आणि घरी निघून गेली.

गुरुजी म्हणाले, “आता आण्णांना सांगायला हवं.” मग थोड्या वेळानं, अगदी हळू, “फक्त माझं ते रजिस्टरचं...”

आम्ही दोघं आण्णांकडे गेलो. मी धीर करून म्हटलं, “आण्णा, तो निरोप खरा नाही. मुलीनं वर्गात मारलेली थाप आहे.”

आण्णा हसले. “बाई, तुमी पडला नव्या. गोंदा थाप आसंल तर माझं ह्ये काय हाय?” त्यांनी धोतर वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला. “हुतूतूत त्यानंच पाडलं मला. जावा, लेझमीचं बघा.”

आम्ही लेझमीचं बघायला गेलो. मंगळवारी रस्त्यातले खड्डे बुजले. बुधवारी ओढ्याचं काम निघालं. साहेब त्या वाटेनं चालत येणार आणि त्यांचे पाय भिजणार, हे गावाला कसं चालावं? हौसाचे वडील फौजेतून सुटून आल्यावर गवंडीकाम करत. आण्णांनी त्यांनाच बोलावलं. त्यांनी दहा माणसं हाताशी घेऊन मोठमोठे चपटे दगड ओढ्यात एका रांगेत असे बसवले, की सासरी निघालेली नवरी साडी न उचलता पलीकडे जावी.

गुरुवारी सकाळी आठपासून गाव नटून उभं. दोन्ही बाजूंना पोरं, मध्ये लेझीम, चिंचेखाली सतरंजी. प्रत्येक घरातून भाकरी आली होती, कारण साहेबानं आपलीच खावी असं प्रत्येकीला वाटत होतं. भाकऱ्यांची चवड माझ्या कमरेएवढी झाली होती. ठेचा सोळा प्रकारचा. आणि बुक्कीनं फोडायला कांद्यांची एक पाटी.

नऊ वाजले. अकरा वाजले. लेझीम खेळणारी पोरं घामानं निथळली. दुपारी एक वाजता लांब धूळ दिसली आणि सगळे ‘आले, आले’ करत उठले. ती मेंढरं होती. दोन वाजता माझ्यानं राहवेना. मी साहेबांच्या खुर्चीवर चढले.

“कुणी येणार नाही,” मी म्हटलं. “गोविंद भागाजी नावाचा साहेब नाही. ती आमच्या थापांच्या तासातली थाप होती. मुलीची चूक नाही. तिला थाप मारायला मी सांगितलं होतं, आणि ती गावात मी पसरवली.”

मग रखमाकाकूंचा आवाज आला. “थाप? मंग मी ज्याला गूळ-शेंगा दिल्या त्यो कोन व्हता?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पण आण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. “पोरास्नी खोटं शिकिवत्या व्हय? आर्ज करायचा! आत्ता, हितंच! गुरुजी, कागद घ्या. अक्षार तुमचं चांगलं हाय.”

माझ्याविरुद्धचा अर्ज लिहायला गुरुजी सतरंजीवर बसले. टाक दौतीत बुडवला. चौथीचा सगळा वर्ग त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“सांगा,” गुरुजी म्हणाले.

“लिवा. सदर बाईंनी खोटी बातमी उठवून आमा गावकऱ्यास्नी फशिवलं.”

गुरुजींनी लिहिलं. मग टाक थांबवला. “आण्णा, वर विचारतील, फसलात कसे? चौकशी केली नाहीत?”

“लिवा, आमचा इश्वास बसला.”

“का बसला?”

आण्णा घुटमळले. “गावातल्या जान्त्या मानसांनी वळख दिली म्हनून.”

“कुणी दिली? नावं लागतील. सरपंच पहिले. ‘मी स्वतः सदर इसमाबरोबर हुतूतू खेळलो आहे,’ असं लिहू?”

“त्ये नगा लिवू.”

गुरुजींनी ओळ खोडली. “मग रखमाकाकूंचं लिहितो. ‘मी सदर इसमास गूळ-शेंगा दिल्या.’”

“माज्या नावानं एक अक्षार लिवशीला तर बघा!” काकू कडाडल्या.

गुरुजींनी तीही ओळ खोडली. आंबेवाले दोघे आधीच उठून म्हशीकडे बघायला निघाले होते. “मग जाणत्या माणसांनी ओळख दिली हे वाक्य काढावं लागेल,” गुरुजी म्हणाले. “ते काढलं की विश्वास बसला हे वाक्य राहत नाही. विश्वास बसला नाही तर फसवलं कसं म्हणता येईल?” प्रत्येक वाक्यावर ते अगदी सरळ, सुरेख रेघ मारत गेले. शेवटी कागदावर वर ‘स. न. वि. वि.’ आणि खाली ‘आपले नम्र, समस्त ग्रामस्थ’ एवढंच उरलं.

आण्णा त्या कागदाकडे बघत राहिले. मग गुरुजींनी टाक खाली ठेवला आणि चष्मा काढला. “आणि आण्णा, रजिस्टरात ते नाव नव्हतं. तिथं शाई सांडली होती. तुम्ही विचारलंत, मला माहीत नाही म्हणायची लाज वाटली.”

ज्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घानं दात दुखायचे त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि आण्णांच्या मिशा हलायला लागल्या. आधी मला वाटलं रागानं. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले, की त्यांचा फेटा सुटला. हसणं सगळ्या गावात पसरलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. म्हातारे खोकत होते. “गुडघ्याचं काय, आण्णा?” कुणीतरी ओरडलं. “मोटंवरनं पडलो व्हतो!” आण्णा म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. मग भाकऱ्यांच्या चवडीचं काय करायचं हा प्रश्न होताच. सगळं गाव चिंचेखाली बसलं आणि बुक्क्यांनी कांदे फुटायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं म्हणून खपून गेलं.

पण हौसा आली नव्हती. सोमवारपासून तिनं शाळेत पाऊल टाकलं नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्या दगडांवरून ओढा ओलांडला. हौसाच्या घरासमोर तिचे वडील गवंडीकामाची करणी धुवत बसले होते. खाकी अर्धी चड्डी, ताठ पाठ. मला बघून उठले, घोंगडं अंथरलं. हौसा दाराआड होती.

“बाई, एक बात विचारू?” ते म्हणाले. “पोरगी म्हनती, बाईंनी खोटं बोलाय सांगितलं, मी बोलले, तर बाईंनी मारलं. ह्याचा हिसाब कसा लावायचा?”

मी घोंगड्यावर बसले. “तुम्हाला माहीत होतं, ती थाप होती?”

“शनवारीच सांगितलं तिनं.”

“मग तुम्ही दगड का बसवले?”

“म्हनूनच पक्कं बसिवलं.” ते हसले. “साहेब न्हाई तर न्हाई. पोरं तर रोज जातीलच की.” मग करणी पुसत, जराही आवाज न चढवता म्हणाले, “बाई, ह्या वाटेनं त्या शाळंत गेलेला पयला पोरगा म्या. दाराभायेर बसून शिकलो. गूळ-शेंगा दिलेल्या मला तर कुनी आठवत न्हाईत.”

हौसाच्या आईनं चहा आणून ठेवला. मी कप उचलला, तेव्हा आई दारातून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी चहा प्याले आणि हौसाला बोलावलं. ती आली. तिचा तो हात मी हातात घेतला.

“हौसा, मी चुकले. तुला मारायला नको होतं. माझं चुकलं.”

ती अंगठ्याकडे बघत होती. मग एकदम वर बघून म्हणाली, “बाई, उद्याच्याला तास हाय का न्हाई?”

मी तास बंद करायचं ठरवून आले होते. “आहे,” मी म्हटलं.

“त्या दगडांसाठीच ती थाप मारलीस का?” मी जाता जाता विचारलं.

“न्हाई बाई. साहेब कुठनं तरी यायला तर पायजे ना,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका सरळ होता, की हे खरं होतं का थाप, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शेवटचा तास. आणि गुरुजी आपण होऊन खुर्ची घेऊन वर्गाच्या मागे येऊन बसले. मी कुणाला उठवायच्या आधीच हौसा उभी राहिली. ह्या वेळी तिनं समोर बघितलं.

“काल बाई आमच्या घरी आल्या. दगडांवरनं आल्या, तिसऱ्या दगडावर पाय घसरला पर पडल्या न्हाईत. घोंगड्यावर बसल्या. आईनं केलेला च्या प्याल्या, गूळ जास्त झाला व्हता तरी सगळा प्याल्या. मग माझा हात धरून म्हनाल्या, हौसा, माझं चुकलं.”

वर्ग हसायला लागला. “थाप! थाप!” मुलं ओरडली. बाळूनं हात वर केला. “बाई कुठं पोरांची माफी मागत्यात व्हय? जरा जमंल आसं तरी सांग!”

हौसा माझ्याकडे बघत उभी राहिली. गुरुजीही बघत होते. मी टेबलामागून पुढे आले.

“ही थाप नाही,” मी म्हटलं. “खरं आहे ते. सगळं. घसरले तेसुद्धा.”

हसणं हळूहळू थांबलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागच्या रांगेतून बाळू उठला. “बाई,” तो म्हणाला, “मग मला बी पंचमीच्या आदल्या दिशी उगंच मारलंसा तुमी. शाई मी न्हवती सांडली.”

“मला बी!” दुसरा उठला. “मी हसलोच न्हवतो, ह्यो हसला व्हता!”

“बाई, माझा कान!”

बघता बघता रांगच लागली. एकेक जण पुढे येऊन दिवस, वार, कारण सांगत होता, कुठल्या गालावर बसली तेही दाखवत होता. एक मुलगी तर मी तिला ज्या दिवशी मारलं म्हणत होती त्या दिवशी मी रजेवर साताऱ्याला होते. गुरुजी धोतराच्या सोग्यात तोंड लपवून हसत होते. मी एकेकाचा हात धरला आणि एकेकाची माफी मागितली. अकरा जणांची. त्यांतले निदान पाच धादांत खोटं बोलत होते, आणि त्या पाचांची माफी मी सर्वांत मनापासून मागितली.